पाणी पिणारी गाडी आणि भाच्याची वही



गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. दुपारची पाने वाढली होती आणि आमचा भाचा ताटाशी बसून नुसता भात चिवडत होता. एरवी मामीच्या हातच्या सुक्या बोंबलावर तुटून पडणारा हा गडी आज मान वर करीना. शेवटी आमच्या सौ.ने विचारले, "काय रे, कालवण आळणी झालंय का?"

"नाही मामी. पोटात भूकच नाही."

"पोटात भूक नाही म्हणजे डोक्यात काहीतरी आहे. सांग तुझ्या मामाला."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. भाचा मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका गॅरेजात कामाला आहे. आय.टी.आय.तून मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला, चार वर्षे टॅक्सी-रिक्षांवर हात काळे केले आणि आता विलायती गाड्यांच्या गॅरेजात उभा राहिला आहे. घरात त्याचा एकट्याचा पगार, धाकटी बहीण बारावीला. तिथे एक सुपरचार्जरवाली स्पोर्ट्स कार आली होती. तीन आठवड्यांपूर्वी तिची सर्व्हिस भाच्याने केली होती. आता गाडीचा मालक म्हणत होता, सर्व्हिस झाल्यापासून कूलंट कमी होते आहे, तुमच्या पोराने काहीतरी तोडले. शेठ म्हणत होता, गुरुवारपर्यंत गळती सापडली तर ठीक, नाहीतर खर्च तुझ्या पगारातून कापणार आणि पुढचे पुढे बघू.

"मामा, खाली एक थेंब पडत नाही. तरी पाणी कमी होतंय."

आम्ही उमेदीची तीस वर्षे डिझेलच्या बसगाड्यांखाली पाठ टेकून काढली आहेत. आम्ही लगेच निकाल दिला. "मग सोपं आहे. खाली पडत नाही म्हणजे इंजिन आत पितंय. हेड गॅस्केट गेलंय."

भाचा म्हणाला, "मामा, दुसऱ्या गॅरेजवाल्यानंही हेच सांगितलंय. पण तुम्हीच मला शिकवलं होतं ना, आधी लिही, मग बोल. मी अजून लिहिलेलं नाही."

वाचकहो, आमचीच शिकवण आमच्याच ताटात वाढली गेली. आम्ही गप्प बसलो आणि सोमवारी सकाळी त्याच्याबरोबर गॅरेजात गेलो. तिथे तीन दिवस स्टूल टाकून बसलो. तिथे जे पाहिले ते आज सांगतो आहोत. ती गाडी आपल्यापैकी कोणाच्या दारात उभी राहील असे नाही. पण गळती शोधण्याची रीत सगळीकडे एकच असते.

वारा घालणारे यंत्र

आधी सुपरचार्जर म्हणजे काय ते पाहू. पेट्रोल जळायला हवा लागते. इंजिन स्वतःच्या श्वासाने जेवढी हवा ओढते, तेवढेच पेट्रोल जाळू शकते. बाहेरून दाबून जास्त हवा कोंबली तर त्याच आकाराचे इंजिन जास्त ताकद देते. ही हवा कोंबणारा पंप इंजिनच्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तो सुपरचार्जर. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरत असेल तर तो टर्बो.

या पंपाचे मूळ मोटारीपेक्षा जुने आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या दोन भावांनी १८६० साली त्याचे पेटंट घेतले. भट्ट्यांना वारा घालण्यासाठी तो वापरला जाई. पुढे तोच पंप मोटारीत आला. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडिसच्या सुपरचार्जर बसवलेल्या गाड्या लोकांनी पाहिल्या. १९२९ साली इंग्लंडमध्ये 'ब्लोअर बेंटली' आली. तिचा सुपरचार्जर रेडिएटरच्याही पुढे, दोन दिव्यांच्या खाली, उघड्यावर बसवलेला असे. खुद्द कंपनीच्या संस्थापकाला, डब्ल्यू. ओ. बेंटली यांना, ही कल्पना पसंत नव्हती. पण मेकॅनिकच्या दृष्टीने तिच्यात एक सोय होती. सगळे डोळ्यांसमोर होते.

आजच्या गाड्यांत तसे नाही. आठ किंवा सहा सिलिंडरचे इंजिन इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे दोन बाजूंना उघडलेले असते आणि मधल्या खोबणीत सुपरचार्जर बसवतात. ऑडी, जग्वार, शेवरले कॉर्व्हेट अशा अनेक गाड्यांत ही मांडणी वापरली गेली. जागा वाचते, बोनेट खाली राहते, गाडी देखणी दिसते. पण त्या जड यंत्राच्या खाली काय चालले आहे ते वरून दिसत नाही. आमच्या भाच्याचे दुखणे नेमके तिथेच होते. पण सोमवारी सकाळी हे कोणालाच ठाऊक नव्हते.

कुकरचा कायदा

आता कूलंटकडे वळू. हा भाग आमच्या भगिनींना आमच्यापेक्षा चांगला कळेल, कारण तो कुकरचाच कायदा आहे.

पेट्रोल जाळून जी शक्ती निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश धुरावाटे जातो आणि उरलेला उष्णतेच्या रूपाने कूलंटला वाहून न्यावा लागतो. त्यात सुपरचार्जरची भर पडते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देते, हे सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. सुपरचार्जरमधून निघालेली हवा अशीच तापलेली असते. ती गार करायला आणखी एक छोटा रेडिएटर लागतो. त्याला इंटरकूलर म्हणतात. अनेक गाड्यांत तोही पाण्यावर चालतो आणि त्याचा पंप विजेचा असतो. म्हणजे एका गाडीत पाण्याचे दोन संसार. एक इंजिनचा, दुसरा दाबलेल्या हवेचा. भाच्याच्या गाडीत दोन्हींच्या टाक्या वेगळ्या होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामी येणार आहे.

समुद्रसपाटीला उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंशांवर उकळते. कुकरमध्ये झाकण घट्ट बसून आतला दाब साधारण एक बारने वाढला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून डाळ लवकर शिजते. गाडीच्या कूलंटच्या टाकीचे झाकण हेच काम करते. त्याच्या स्प्रिंगवर ठरलेला दाब असतो आणि तो आकडा बहुधा झाकणावर छापलेला असतो. शिवाय कूलंटमध्ये निम्मे ग्लायकॉल असते, त्यामुळे उकळणे आणखी लांबते.

आता कुकरची रिंग सैल झाली तर काय होते? वाफ निघून जाते, शिट्टी होत नाही आणि तळ करपतो. इंजिनचेही तेच. केसाएवढी फट पडली तरी दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळते, आत वाफेचे फुगे धरतात. ॲल्युमिनियमचे हेड जास्त तापले की वाकते. आणि फसवणूक अशी की, पाणी फारच कमी झाले तर तापमान सांगणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काट्यावर तापमान कमी दिसू शकते. मालक काट्याकडे बघून निश्चिंत आणि खाली इंजिन करपते आहे! म्हणून "थोडेसेच तर कमी होते, वरून घालत राहू" हे म्हणणे धोक्याचे आहे.

तीन वैद्य, तीन निदाने

गाडी भाच्याकडे येण्याआधी मालकाने दोन ठिकाणी दाखवली होती. पहिल्याने टाकीचे झाकण आणि रेडिएटरचा वरचा होज बदलला. कमी होणे थांबले नाही. दुसरा म्हणाला, "खाली थेंब नाही, म्हणजे हेड गॅस्केट. इंजिन उतरवावे लागेल." त्याने सांगितलेला खर्च ऐकून मालकाचा पारा चढला आणि तो राग घेऊन तो तिसऱ्या दारात, म्हणजे आमच्या भाच्याच्या शेठकडे आला.

शेठने सोमवारी सकाळी आमच्यादेखत एक तोडगा सुचवला. गळती बंद करणाऱ्या औषधाचा डबा काढला आणि म्हणाला, "हे टाक. महिना-दोन महिने निघतील."

भाच्याने डबा हातात घेतला, पण उघडला नाही. म्हणाला, "शेठ, हे फट बुजवतं तसंच बारीक नळ्याही बुजवतं. हीटर, रेडिएटर, सगळ्यांच्या नळ्या बारीक आहेत. उद्या गाडी तापली तर पुन्हा माझंच नाव येईल. मला गुरुवारपर्यंत मुदत दिलीय ना? तेवढी वापरू द्या."

आम्ही स्टुलावरून हे ऐकत होतो. पगार ज्याच्या हातात, त्याला असे शांतपणे 'नाही' म्हणणे सोपे नसते. शेठ काही बोलला नाही. डबा मात्र टेबलावरच राहिला.

वहीतली पाने

भाच्याने खिशातून शंभर पानी वही काढली. वरच्या बाजूला गाडीचा नंबर, किलोमीटर आणि तारीख लिहिली. मग त्याने प्रश्न मांडला तो असा. पाणी जायचे तर वाटा तीनच आहेत. एक, बाहेर सांडते. दोन, इंजिनच्या आत जाते. आणि तीन, बाहेर सांडते पण जमिनीवर पोहोचण्याआधीच वाळून जाते. आतापर्यंत सगळ्यांनी दोनच वाटा धरल्या होत्या. आम्हीसुद्धा!

पहिले काम, गार इंजिनवर डोळ्यांनी पाहणे. बॅटरी दाखवत त्याने रेडिएटरचे कोपरे, होजच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचे छोटे भोक, सगळे तपासले. पंपाचे सील गेले की त्या भोकातून पाझर येतो आणि वाळून मिठासारखी खपली धरते. तिथे काही नव्हते. मालकाने आपल्या पार्किंगमधल्या ओल्या डागाचा फोटो दाखवला होता. भाच्याने ए.सी. चालू ठेवून तसाच डाग पाडून दाखवला. ते पाणी स्वच्छ, बिनवासाचे, बोटाला न चिकटणारे. ए.सी.चे पाणी ते! कूलंट बोटांत चोळले तर बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास असतो. डावीकडच्या पायपुसण्याखालचा गालिचाही त्याने दाबून पाहिला. हीटरची जाळी गळत असती तर गालिचा ओला आणि काचेवर चिकट धुके आले असते. कोरडे होते. वहीत नोंद.

दुसरे काम, दोन्ही टाक्यांवर चिकटपट्टी लावून पातळीची खूण केली. इंटरकूलरच्या टाकीवर वेगळी, इंजिनच्या टाकीवर वेगळी.

तिसरे काम, दाबाची परीक्षा. टाकीच्या तोंडावर हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढाच दाब दिला. त्याहून जास्त दिला तर चांगले सांधेही फुटतात. गार इंजिनवर वीस मिनिटांत काटा खाली उतरला. म्हणजे फट आहे, हे नक्की. पण खाली थेंब नाही! मग इंजिन गरम करून पुन्हा परीक्षा घेतली. आता काटा जवळजवळ जागेवर उभा राहिला. भाच्याने वहीत लिहिले, 'गार असताना जास्त गळते, गरम असताना कमी.' आणि खाली दोन रेघा मारल्या. आम्ही विचारले, "हे असं का?" म्हणाला, "मामा, प्लॅस्टिक गार झालं की आक्रसतं, गरम झालं की फुगून फट मिटवतं. धातूपेक्षा जास्त. मला कुठल्यातरी प्लॅस्टिकच्या तुकड्याचा संशय येतोय."

चौथे काम आमच्या निदानाची परीक्षा घेणारे होते. हेड गॅस्केट फाटले असेल तर जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो. काचेच्या नळीत निळे द्रव भरून ती टाकीच्या तोंडावर धरतात आणि चालू इंजिनवर रबरी फुग्याने टाकीतली हवा त्यातून ओढतात. जळलेला वायू असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळे द्रव पिवळे पडते. भाच्याने टाकीतले थोडे कूलंट आधी काढून घेतले, नाहीतर तेच नळीत चढते आणि परीक्षा बिघडते. आम्ही चष्मा पुसून बघत होतो. द्रव निळेच राहिले. पाच मिनिटांनीही निळेच.

मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकातून तारेच्या टोकाचा कॅमेरा आत घातला. पाणी पिणाऱ्या सिलिंडरचा पिस्टन वाफेने धुऊन लख्ख होतो. इथे सगळ्या पिस्टनवर सारखीच काजळी. ऑइलच्या पट्टीवर दुधासारखा फेस नाही. वहीत नोंद. 'हेड गॅस्केट, पुरावा नाही.'

आम्ही म्हणालो, "आम्ही चुकलो रे बाबा." तो हसला, त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

एक गोष्ट इथे तरुण कारागिरांसाठी सांगून ठेवतो. सुपरचार्जरच्या गाडीत आणखी एक चकवा असतो. पाण्याचा इंटरकूलर आतून फुटला तर गाडी मंद चालताना इंजिन त्यातले पाणी ओढून घेते, धूर पांढरा येतो. जोरात पळवली की दाबलेली हवा उलट पाण्यात घुसते आणि इंटरकूलरच्या टाकीत बुडबुडे येतात. बघणारा म्हणतो, हेड गॅस्केट! पण ती हवा जळलेली नसते, म्हणून निळे द्रव निळेच राहते. हा भेद ठाऊक नसेल तर चांगले इंजिन विनाकारण उघडले जाते. भाच्याच्या गाडीत मंगळवारी सकाळी इंटरकूलरच्या टाकीची पातळी खुणेला अगदी चिकटून होती. इंजिनच्या टाकीची पातळी मात्र खाली गेली होती. एक संसार निर्दोष सुटला.

खोबणीतले डबके

सोमवारी संध्याकाळी भाच्याने इंजिनच्या कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळला होता आणि गाडी पंधरा किलोमीटर फिरवून रात्रभर उभी ठेवली होती. मंगळवारी सकाळी बोनेट उघडून त्याने पिवळा चष्मा चढवला, जांभळ्या प्रकाशाची बॅटरी लावली आणि कॅमेऱ्याची तार सुपरचार्जरच्या मागच्या फटीतून हळूहळू आत सरकवली.

पडद्यावर आधी काळोख. मग ॲल्युमिनियमची भिंत. मग एकदम हिरवट-पिवळा उजेड! सुपरचार्जरच्या खाली, दोन सिलिंडर-ओळींच्या मधल्या खोबणीत एक लहानसे डबके चमकत होते. कडेला नारिंगी खपल्यांचे थर.

आता सगळे कोडे उलगडले. खोबणीतून एक प्लॅस्टिकचा नळ जातो. दोन अर्धी भागे चिकटवून तो केलेला असतो. वर्षानुवर्षे इंजिनच्या गरमीत राहून त्याच्या सांध्यावर केसाएवढी भेग पडली होती. गाडी उभी राहून गार होताना, उरलेल्या दाबाने, त्या भेगेतून कूलंट झिरपायचे आणि खोबणीत साचायचे. खोबणीला भिंती आहेत, म्हणून जमिनीवर थेंब नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन तापले की ते डबके तव्यावरच्या पाण्यासारखे उडून जायचे. मालकाने तक्रारीत सांगितलेही होते की सकाळी दहा मिनिटे गाडी चालवली की गोड वास येतो. पण ते वाक्य कोणी लिहून घेतले नव्हते. भाच्याच्या वहीत मात्र ते पहिल्याच पानावर होते.

ही तिसरी वाट. बाहेर सांडते, पण जमिनीपर्यंत पोहोचत नाही.

नोंदीची किंमत

गळती सापडली, पण आरोप उरलाच होता. मालक आला, पडद्यावर भेग पाहिली आणि म्हणाला, "म्हणजे सर्व्हिसच्या वेळी यानेच धक्का मारला असणार."

भाच्याने आवाज चढवला नाही. आधी त्याने खपल्यांचे थर दाखवले. एकावर एक वाळलेले थर, खाडीकाठच्या मिठागरात दिसतात तसे. तीन आठवड्यांत एवढे साचत नाही. मग वही मागे उलटली आणि सर्व्हिसच्या दिवसाचे पान पुढे केले. त्यावर लिहिले होते, 'गाडी आली तेव्हा कूलंट खालच्या खुणेच्याही खाली. ३५० मि.लि. घातले. गळती बघायला हवी, शेठना सांगितले.'

म्हणजे त्याने गाडीला हात लावण्याच्या आधीच पाणी कमी होते! मालकाने ते पान दोनदा वाचले. मग शेठकडे पाहिले. शेठने पंख्याकडे पाहिले. थोड्या वेळाने मालक म्हणाला, "दुरुस्त करा. पैसे मी देतो."

वाचकहो, हा तरुण तावातावाने भांडला असता, रडला असता, देवाची शपथ घेतली असती, तरी कोणी ऐकले नसते. हातात पाना असलेल्या माणसाच्या तोंडी शब्दाला आपल्याकडे किती किंमत आहे, हे आपण सारे जाणतो. पण तारखेसह, मापासह लिहिलेल्या एका ओळीपुढे सगळ्यांना थांबावे लागले.

जोडणी

पुढचे काम मेहनतीचे. सुट्या भागांची वाट पाहण्यात आठवडा गेला. मग बॅटरी सोडवली, पेट्रोलच्या नळीतला दाब उतरवला, पट्टा काढला आणि दोघांनी मिळून सुपरचार्जर उचलला. तो उचलताच इंजिनची हवा जाणारी तोंडे उघडी पडतात. त्यात एक नट पडला तरी इंजिनचा सत्यानाश. भाच्याने प्रत्येक तोंडावर स्वच्छ कापड बसवले आणि वहीत लिहिले, 'कापडे आठ.' जोडताना मोजून आठ काढली. ऑपरेशनच्या टेबलावर पट्ट्या मोजतात ना, तसेच.

फुटलेल्या नळाबरोबर त्याच वयाचे शेजारचे दोन नळही बदलले. एक भाऊ गरमीने ठिसूळ झाला तर बाकीचे तरुण कसे राहतील? मिळाला तिथे प्लॅस्टिकऐवजी ॲल्युमिनियमचा नळ घातला. गॅस्केट आणि सील नवे. कूलंट कंपनीने सांगितलेल्या जातीचेच, निम्मे शुद्ध पाणी घालून. नुसता रंग बघून कूलंट घालू नये, कारण रंगाला सर्वमान्य नियम नाही. दोन निराळ्या जाती मिसळल्या तर गाळ धरू शकतो.

शेवटी आधी सगळी हवा ओढून काढली, काटा जागेवर उभा राहतो ना ते पाहिले आणि मगच त्या पोकळीत कूलंट ओढून घेतले. असे केले की आत हवेचे बुडबुडे राहत नाहीत आणि जोडणीची परीक्षाही होते. पुन्हा गार इंजिनवर दाब दिला. वीस मिनिटे झाली, काटा हलला नाही. चार दिवस रोज पातळी पाहिली, चिकटपट्टीला रेसभरही ढळली नाही. वहीत शेवटची ओळ पडली, 'गळती बंद.'

आपल्या घरासाठी

ही गाडी आपली नसली तरी टॅक्सी, टेम्पो, जुनी मारुती, यांतल्या बहुतेक गाड्यांत हेच कूलंट आहे. म्हणून चार गोष्टी कुटुंबातल्या सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात.

गरम इंजिनचे झाकण कधीही उघडू नका. कुकरची वाफ जिरू न देता झाकण ओढल्यासारखेच ते आहे. तोंड, हात, छाती भाजून निघते. आधी गाडी पूर्ण गार होऊ द्या.

पाणी वारंवार कमी होत असेल तर नुसते वरून घालत राहू नका. टाकीवर पट्टी लावा, तारीख लिहा, किती घातले ते लिहा. मिस्त्रीकडे जाताना तो कागद घेऊन जा. वास कधी येतो, गाडी गार असताना की गरम असताना, तेही सांगा. आणि बोअरिंगचे जड पाणी घालू नका, आत क्षार धरतात.

सर्वांत महत्त्वाचे. कूलंटमधले इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. थोडेसे पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका, कुत्रीमांजरे चाटतात. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका. लहान मुलाला ते सरबतच वाटणार! कोणी प्यालेच तर घरगुती उपाय करत बसू नका. डब्यावरचे लेबल बरोबर घेऊन ताबडतोब मोठ्या इस्पितळात जा.

आणि चौथी गोष्ट आमच्या कारागीर तरुणांसाठी. हत्याराच्या पेटीत एक वही आणि एक पेन ठेवा. काम हातात घेण्याआधी गाडी, मशीन, फ्रीज, जे काही असेल ते कोणत्या अवस्थेत आले ते लिहा. नंतर काय केले ते लिहा. ठाऊक नसेल ते 'ठाऊक नाही' असे लिहा. लोक चटकन निकाल देणाऱ्याला हुशार समजतात. आम्हीही त्या रविवारी ताटावर बसून निकाल दिलाच होता आणि तो साफ चुकला होता.

असो. भाच्याच्या पगारातून काही कापले गेले नाही. शेठने त्याची पाठ थोपटली असेही नाही. पण परवा आम्ही सहज त्या गॅरेजावरून गेलो, तर आत भिंतीला एक जाड वही दोरीने टांगलेली दिसली. तिच्यासोबत सुतळीला बांधलेले पेन. चौकशी केली तेव्हा कळले की शेठचा नवा नियम आहे, गाडी आली की आधी वहीत, मग लिफ्टवर.

त्या रविवारनंतर भाचा पुन्हा जेवायला आला. या वेळी त्याने बोंबलाचे कालवण दोनदा मागून घेतले. मामीने विचारले, "आज आळणी नाही ना?" तो म्हणाला, "मामी, त्या दिवशीही नव्हतं. त्या दिवशी मी चव लिहून ठेवली नव्हती एवढंच."